‘पीएफ भरलाय’ म्हणजे नेमका कुठे भरलाय?

टाइम ऑफिसच्या खिडकीला जाळी असते आणि जाळीखाली कागद सरकवण्यापुरती फट. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं त्या फटीच्या आतल्या बाजूला बसलो. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, पगाराच्या स्लिपा, पीएफचे फॉर्म, सगळं तिथूनच. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, सेकंड शिफ्ट आत यायच्या जरा आधी, वेल्डिंगचे एक काका आले. मुलीचं लग्न ठरलं होतं, पीएफमधून पैसे काढायचे होते. त्यांनी ई-सेवा केंद्रातून काढलेली पासबुकची प्रिंट आत सरकवली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“साहेब, जूनच्या पगारानंतर यात काहीच नाही.”

मी संगणकावर त्यांच्या स्लिपा उघडल्या. जुलै ते जानेवारी, दर महिन्याला १,८०० रुपये कापलेले. मी म्हणालो, “काका, भरलाय. सर्व्हरवर दिसायला वेळ लागतो.”

मी खोटं बोलत नव्हतो. मला अकाउंट्सने तसं सांगितलं होतं आणि अकाउंट्सला मालकाच्या पुतण्याने. काका गेले. रात्री घरी जेवण झाल्यावर मला काय वाटलं कोण जाणे, मी माझंच पासबुक उघडलं. शेवटची नोंद जूनची. दुसऱ्यांना यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा क्रमांक, अ‍ॅक्टिव्हेट करून देणाऱ्या माणसाने स्वतःचं पासबुक दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून ‘मालक सांगतो त्यावर विश्वास ठेवावा का’ या प्रश्नाकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. मालक सज्जन आहे की लबाड, यावर चहाच्या टपरीवर कितीही वाद घाला, हाती काही लागत नाही. सज्जन मालकही अडचणीत आला की पीएफ थकवतो, आणि महाइरसाल माणूस सात तारखेला बिनचूक पगार करतो. त्यामुळे माणसाला बाजूला ठेवून त्याचं एकेक वाक्य घ्यावं आणि विचारावं, हे वाक्य कंपनीच्या बाहेर कुठे नोंदलं गेलंय का? गेलं असेल तर तिथे जाऊन बघता येतं. नसेल तर ते केबिनच्या एसीच्या हवेत विरघळलं असं धरून चालावं.

पीएफ हे बाहेर नोंद असलेलं सगळ्यात सोपं उदाहरण, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवू.

ज्यांचा पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवर कापला जातो त्यांचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये पगारातून जातात. कंपनीने स्वतःचे तेवढेच घालायचे. पासबुकात मात्र तीन आकडे दिसतात: १,८००, ५५० आणि १,२५०. पहिला तुमचा. उरलेले दोन मिळून कंपनीचे, कारण कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत वळते होतात आणि उरलेले ३.६७ पीएफला जातात. ‘कंपनीने माझे फक्त ५५० भरले, बाकीचे खाल्ले’ असं म्हणत तावातावाने खिडकीवर आलेले किती तरी जण मी पाहिले. तिथे कंपनी खरी होती आणि संशय खोटा. व्याजाचंही तसंच. ते वर्षाचं एकदम जमा होतं आणि बऱ्याचदा उशिरा जमा होतं, त्यात कंपनीचा काही हात नसतो.

पण महिन्याची नोंदच नसेल तर सर्व्हरची सबब फार दिवस चालत नाही. या महिन्याच्या पगाराचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. वीस-पंचवीस तारखेला पासबुक उघडलं की उत्तर मिळतं. इंटरनेट नको असेल तर नोंदणी केलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्यायचा, शेवटची जमा रक्कम एसएमएसने येते. काही मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे पीएफ ट्रस्ट असतात. त्यांचं पासबुक सरकारी पोर्टलवर दिसत नाही, हिशेब ट्रस्टकडे मागावा लागतो.

याहून उपयोगाची एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या, संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे. कंपनीचं नाव टाकलं की तिने कोणत्या महिन्याचा भरणा कोणत्या तारखेला केला, किती रक्कम आणि किती माणसांचा, हे दिसतं. लॉगिन लागत नाही. नव्या नोकरीचं बोलणं चाललं असेल आणि ‘आमच्याकडे तीनशे लोक आहेत, सगळे पेरोलवर’ असं ऐकलं असेल, तर घरी येऊन तो आकडा बघावा. तीनशेच्या जागी एक्केचाळीस दिसले तर उरलेले कुठे आहेत हा प्रश्न पुढच्या मुलाखतीत सहज विचारता येतो.

आता पुतण्याची बाजू. आमचा कारखाना मोठ्या वाहन कंपनीच्या पुरवठादाराला माल देणारा, म्हणजे साखळीत तिसऱ्या पायरीवर. बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो, पण ज्याच्या ऑर्डरवर कारखाना चालतो त्याला कायदा दाखवणार कोण? अशा वेळी मालक रांग लावतो. आधी पगार, नाही तर उद्या मशीन बंद. मग वीजबिल, मग स्टीलवाला. पीएफ शेवटी, कारण पीएफ ऑफिसची नोटीस यायला महिने लागतात आणि कामगाराला लगेच कळत नाही. थोडक्यात, तुमच्या पगारातले १,८०० रुपये कंपनीने तुम्हाला न विचारता उसने घेतलेले असतात. कायदा याला उसनवारी म्हणत नाही. पगारातून कापलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी विश्वासघात धरला जाईल, असं जुन्या दंड संहितेच्या कलम ४०५ च्या स्पष्टीकरणात होतं आणि न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्येही आहे. शिवाय उशिराचं वार्षिक १२ टक्के व्याज आणि वर दंड.

ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, गणितही असंच. २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर तुमचे ०.७५ टक्के, कंपनीचे ३.२५. पण तो भरला नसल्याचं बहुतेकांना दवाखान्याच्या काउंटरवरच कळतं, आणि ती वेळ हिशेब तपासायची नसते.

इथवरचं सरळ होतं. भरला किंवा नाही भरला. खरी गंमत अशा वाक्यांत आहे जी खोटी नसतात.

‘पॅकेज सहा लाखांचं आहे.’ मुलगा घरी येऊन आईला सांगतो, महिन्याला पन्नास हजार. पहिल्या महिन्यात खात्यात साधारण साडेएकोणचाळीस हजार पडतात आणि त्याला वाटतं फसवलं. ऑफर लेटर उलगडून बघू. सहा लाखांतले ६०,००० ‘व्हेरिएबल’, म्हणजे कंपनीचं आणि तुमचं काम चांगलं झालं तर, आणि चांगलं झालं की नाही ते ठरवणार कंपनी. कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६०० रुपये, तोही पॅकेजमध्ये धरलेला. ग्रॅच्युइटी, २५,००० बेसिकवर वर्षाला साधारण १४,४०० रुपये. आरोग्य विम्याचा हप्ता ६,०००. हे सगळं वजा केलं की महिन्याला सुमारे साडेएकेचाळीस हजार उरतात. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला.

यात एकही आकडा खोटा नाही. सीटीसी म्हणजे कंपनीला पडणारा खर्च, आणि तुम्ही तो तुमचा पगार समजलात. पण त्यातली ग्रॅच्युइटी बघा. नेहमीच्या कायम नोकरीत ती सलग पाच वर्षं झाल्यावरच मिळते. तीन वर्षांत नोकरी सोडलीत तर जो खर्च पॅकेजमध्ये तीनदा दाखवला तो कंपनीला पडलेलाच नसतो. म्हणून ऑफर हातात आली की एकच प्रश्न विचारावा: ‘व्हेरिएबल धरू नका, महिन्याला खात्यात किती येतील ते ई-मेलवर कळवाल का?’ हा प्रश्न विचारल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा कसा होतो, त्यावरूनही बरंच कळतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा असं आहे. बेसिक नाममात्र ठेवून बाकी सगळं भत्त्यांत घालायच्या जुन्या खेळाला त्याने चाप बसायला हवा. नियुक्तीपत्र देणंही आता बंधनकारक आहे.

दिवाळीच्या तोंडावर ऐकू येणारं वाक्य याच जातीचं: ‘यंदा कंपनी तोट्यात आहे, बोनसचं जमणार नाही.’ कंपनी खरोखर तोट्यात असेलही. पण पहिल्या अर्ध्या वाक्यावरून दुसरं अर्धं निघत नाही. बोनसच्या पात्रतेत बसणाऱ्या कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस नफा असो वा नसो द्यायचा, हे १९६५ च्या कायद्यात होतं आणि नव्या वेतन संहितेतही आहे. ८.३३ हा आकडा विचित्र वाटतो, पण १०० ला १२ ने भागून बघा. वर्षातला एक महिना. नव्या आस्थापनेला पहिली पाच वर्षं सवलत असते, नफा झाला तरच बोनस. आमच्या शेजारचा एक कारखाना दर सहा वर्षांनी नाव बदलून नवा व्हायचा, तो का ते मला हे कलम वाचल्यावर कळलं.

तोटा खरा की खोटा हेही बाहेरून बघता येतं. प्रायव्हेट लिमिटेड असो की पब्लिक, कंपनीला ताळेबंद दरवर्षी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे दाखल करावा लागतो, आणि शंभर रुपये भरून कोणीही तो उघडू शकतो. तिथे ताळेबंदापेक्षा ऑडिटरच्या अहवालाची जोडपत्रं वाचावीत. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ऑडिटरला तिथे स्पष्ट लिहावं लागतं की पीएफ, ईएसआय, टीडीएस वेळेवर भरले जातात की नाही आणि सहा महिन्यांहून जुनी थकबाकी किती आहे. छोट्या खासगी कंपन्यांना यातून सूट आहे. ज्यांना ती नाही त्यांच्याबद्दल हे जोडपत्र म्हणजे शेजाऱ्याने सांगितलेली घरातली गोष्ट. टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापलेला आयकर, कापला पण भरला नाही, हे आयकराच्या पोर्टलवर स्वतःच्या वार्षिक विवरणातही दिसतं. अशा वेळी तोच कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, मात्र स्लिपा जपून ठेवलेल्या हव्यात.

आता अशा वाक्याकडे येतो ज्याने एमआयडीसीतल्या दोन पिढ्या म्हाताऱ्या केल्या. ‘पुढच्या वेळी तुला पर्मनंट करतो.’

मॉडेल स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नमुना नियमांप्रमाणे, बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की टेम्पररी कामगाराचा कायम होण्याचा हक्क तयार होतो. हा आकडा टाइम ऑफिसमधल्या प्रत्येकाला पाठ असतो. आमच्याकडे हजेरीच्या शीटमध्ये २०० च्या पुढे गेलेला कामगार पिवळा दिसायचा. पिवळा झाला की सुपरवायझर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, “गावाला जाऊन ये जरा, महिनाभर. आलास की बघू.” याचं नाव ब्रेक. पोरगं बीडला नाही तर लातूरला जायचं, महिन्याने यायचं, नवा टोकन नंबर घ्यायचं आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. ती पिवळी शीट मीच केली होती. एक्सेलमध्ये, आणि चांगली केली म्हणून शाबासकीही मिळाली होती.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथांची यादी आहे. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून कामगारांना वर्षानुवर्षं बदली (म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरचे), कॅज्युअल किंवा टेम्पररी ठेवणं हे त्या यादीत स्वच्छ लिहिलं आहे. पण तक्रार ९० दिवसांत करायची असते, आणि पोरगं ते नव्वद दिवस ‘आलास की बघू’ या आशेवर काढतं. शिवाय सिद्ध कसं करणार? इथे पुन्हा बाहेरची नोंद कामाला येते. टोकन नंबर चार झाले तरी यूएएन एकच असतो, आणि पासबुकात सगळे महिने ओळीने लागलेले असतात. गेट पास, बँकेत जमा झालेला पगार, ईएसआयचा क्रमांक, हे सगळं बोलतं. म्हणून तर काही ठिकाणी ब्रेकनंतर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर घेतात.

आणि ठेकेदार आला की नवं वाक्य येतं: ‘तू आमचा माणूस नाहीस, ठेकेदाराला विचार.’ अर्धं खरं. नेमणूक ठेकेदाराची आहे हे बरोबर. पण ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलं आहे. कंत्राटी कामगाराच्या पीएफची जबाबदारीही शेवटी मूळ मालकावरच येते. हे कंपनीच्या एचआरला माहीत असतं. फक्त खिडकीवर बोलायचं नसतं.

ऑफिसात काम करणाऱ्यांनी हे कारखान्याचं पुराण म्हणून सोडून देऊ नये. हिंजवडीतल्या काचेच्या खोलीत बसवून सांगतात, ‘स्वतःहून राजीनामा दिलास तर रिलीव्हिंग लेटर चांगलं देऊ, नाही तर टर्मिनेट करावं लागेल.’ हे तुमच्या भल्याचं म्हणून सांगितलं जातं. पण राजीनाम्यावर सही झाली की कागदोपत्री तुम्ही स्वखुशीने गेलात. ज्याला कामगार म्हणून संरक्षण आहे त्याची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई द्यावी लागते. राजीनाम्याला यातलं काहीच लागत नाही. सॉफ्टवेअरवाला कायद्याच्या भाषेत कामगार ठरतो का, यावर वकील तासभर भांडतील. म्हणूनच त्या खोलीत सही करू नये. ‘मला एक दिवस द्या आणि हे ई-मेलवर पाठवा,’ एवढं म्हणावं. तो ई-मेल बहुतेक वेळा येत नाही.

उलटही होतं हे सांगायला हवं, नाही तर हा लेख युनियनच्या पत्रकासारखा व्हायचा. ‘बॉण्डबिण्ड काही कोर्टात टिकत नाही’ असं मित्रमंडळी छातीठोकपणे सांगतात. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं नोकरी करायची, नाही तर २ लाख भरायचे ही अट वैध ठरवली. सरकारी बँकेचा भरतीचा खर्च, पद, रक्कम हे सगळं बघून. प्रत्येक कंपनीचा बॉण्ड त्यामुळे पक्का ठरत नाही, पण तिथे बँकेने सांगितलेलं खरं निघालं आणि मित्रांचं खोटं.

सगळ्यात कठीण वाक्यं भविष्याबद्दलची. ‘गुंतवणूकदार येतोय’, ‘दोन महिन्यांत सगळं सुरळीत होईल’. यांची नोंद कुठेच नसते, कारण जे घडलंच नाही त्याची नोंद कशी असणार? आणि बोलणाऱ्यालाही अनेकदा ते मनापासून खरं वाटत असतं. जेट एअरवेजचं मुख्यालय मुंबईत. २०१९ च्या सुरुवातीला पगार रखडलेले होते. मार्चमध्ये संस्थापक नरेश गोयल पायउतार झाले, बँका १,५०० कोटी घालणार असं जाहीर झालं, लोक थांबले. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान शेवटचं ठरलं. पुढे दिवाळखोरी, नवा खरेदीदार, कज्जे. कामगारांची पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या, असा अपिलीय लवादाचा निकाल २०२२ मध्ये लागला, सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढायचा, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळायचा, आदेश झाला. दिवाळखोरी कायद्यात कामगारांच्या मागच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने जागा आहे, इतर कर्मचाऱ्यांच्या १२ महिन्यांच्या पगाराला त्याच्या खालची. म्हणजे आशेवर तीन वर्षं थांबलेल्या माणसाची जुनी थकबाकी रांगेत आणखी मागे जाते.

गिरणगावाने हे आधीच पाहिलं होतं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद राहिल्या. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट निघाली, आणि त्यामागे सांगितलं गेलं ते असं, की आलेल्या पैशातून गिरण्या पुन्हा उभ्या राहतील, कामगारांची देणी भागतील. लोअर परळ स्टेशनबाहेर उभं राहून काय उभं राहिलं ते आज कोणालाही दिसतं. तेव्हाच्या कामगाराकडे पीएफचं पासबुक मोबाइलवर नव्हतं, पण असतं तरी या वाक्याला त्याचा उपयोग नव्हता. भविष्याच्या वाक्याला एकच चाचणी लावता येते: सांगणाऱ्याचं स्वतःचं त्यात काय अडकलंय? पगार थांबलाय तो सगळ्यांचा की फक्त खालच्यांचा? दोन महिने थांबा म्हणणारा मॅनेजर स्वतः दुसरीकडे मुलाखती देतोय का? आमच्याकडे अकाउंट्सच्या माणसाने मुलाची कंपनीजवळची शाळा बदलली, तेव्हा कॅन्टीनमधल्या मावशींना नोटीस लागायच्या आधी कळलं होतं.

तब्येतीबद्दलच्या वाक्यांवर थोडं बोलून थांबतो. ‘काही होत नाही रे, इतकी वर्षं लोक करतायत.’ अ‍ॅसिडच्या टाकीजवळ, पेंट बूथमध्ये, ग्राइंडिंगच्या धुळीत हे ऐकलं नाही असा कामगार नसेल. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री हॉस्पिटलात माणसं गुदमरत असताना डॉक्टरांना कारखान्याकडून सांगितलं जात होतं की वायू डोळ्यांची आग करणारा आहे, जिवावरचा नाही. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात नवी कलमं घातली गेली. धोकादायक प्रक्रियेची माहिती कारखान्याने कामगारांना, कारखाने निरीक्षकांना आणि आजूबाजूच्या वस्तीलाही दिलीच पाहिजे. कामगाराला स्वतःच्या वैद्यकीय तपासणीची नोंद मिळाली पाहिजे. धोका समोर दिसत असेल तर तो वर कळवायचा हक्क कामगाराला आहे. कंपनीत वर्षाला एकदा डॉक्टर येऊन फुंकायला लावतात ना, त्या तपासणीचा कागद मागा. आमच्याकडे तो कपाटात असायचा, किल्ली माझ्याकडे, आणि अकरा वर्षांत तो मागायला तीन माणसं आली.

वेल्डिंगच्या काकांचं काय झालं ते राहिलं. मी त्यांना दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर येऊन सांगितलं की भरलेला नाही, माझाही नाही. त्यांनी पीएफ ऑफिसच्या पोर्टलवर तक्रार टाकली आणि २७ तारखेला ‘निधी आपके निकट’ला, म्हणजे दर महिन्याला भरणाऱ्या पीएफच्या शिबिराला, प्रिंट घेऊन गेले. बरोबर पेंट शॉपची चार पोरं. मला जाता आलं नाही, असं मी तेव्हा सांगितलं होतं. नोटीस आली. लग्न मे महिन्यात झालं, पतसंस्थेचं कर्ज काढून. पैसे जूनच्या शेवटी भरले गेले.

पुतण्याने पासबुकाची प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाला, “बघा, मी पहिल्यापासून सांगत होतो, भरलाय.” काका पुढे गेले, खिशातून चष्मा काढला आणि तारखेच्या रकान्यावरून बोट खाली नेत गेले. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. सातही ओळींसमोर एकच तारीख होती.